पातेले सर कुठल्या घरचे?

पातेले सर कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे नंतर बघत, आधी ताटं मोजत. दारात चप्पल काढायला वाकले की त्या वाकलेल्या अवस्थेतच त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या मांडणीपर्यंत जाऊन परत आलेली असे. मग ते सरळ उभे राहून नमस्कार करत. घरातल्या बाई म्हणत, "आम्ही चारजण." सर अगदी मऊ आवाजात विचारत, "आणि पाचवं ताट कुणाचं?" पुष्कळदा खरंच एक पाचवं माणूस निघे. कंपनीत लागलेला मेव्हणा, शिकायला आलेला भाचा, नाहीतर चार दिवसांसाठी म्हणून आलेली आणि दोन वर्षं राहिलेली आत्या. लोक काही मुद्दाम लपवत नसत. त्यांना ते माणूस मोजायचं असतं हेच ठाऊक नसायचं.

त्यांचं आडनाव पातेले नव्हतं. घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याच्या कंत्राटी कामावर आम्ही जी सात-आठ मुलं-मुली होतो, त्यांनी ते नाव ठेवलं होतं. सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, असल्याच कामात सगळं आयुष्य घालवलेले, आणि आता आमचे सुपरवायझर. कमरेवर घट्ट बसवलेली पँट, खिशाला दोन पेनं. सगळी माहिती टॅबवर भरायची असल्यामुळे त्या पेनांना काही काम नव्हतं, पण ती नसली की त्यांना उघडं उघडं वाटे, असं तेच सांगत.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी कुटुंबाची व्याख्या वाचून दाखवली. साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. मी हात वर केला. म्हटलं, "सर, आणि नातं?"

"नातं नको. पातेलं हवं."

"म्हणजे नवरा-बायको वेगवेगळं करून खात असतील तर?"

"एकाच घरात दोन कुटुंबं."

"आणि ओळखदेख नसलेली चार माणसं एकत्र करून खात असतील तर?"

"एक कुटुंब. आपल्याला प्रेम मोजायचं नाही, जेवण मोजायचं आहे. पुढे चला."

बाकीचे पुढे गेले. मी तिथेच राहिले. तशी मी लहानपणापासून गोंधळलेलीच. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं की डावीकडे, यावर थांबून राहणाऱ्यांपैकी. त्या दिवशी घरी चिखलीला गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमचंच घर मोजू लागले. भाऊ शिफ्टमध्ये, दोन्ही वेळचं कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतो. वडिलांना साखर, त्यांचं वेगळं शिजतं. आई उभ्याउभ्या पोळीचा तुकडा मोडते, ते जेवण म्हणायचं का हाच प्रश्न. मी आईला विचारलं, "आपण किती कुटुंबं आहोत गं?" आईने लाटणं थांबवून माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या दिवशी मी तो किस्सा सरांना सांगितला. ते पोटभर हसले आणि तेव्हापासून मी 'गोंधळेताई' झाले. रोज सकाळी पहिला प्रश्न, "काय गोंधळेताई, आज काय अडलंय?"

काही ना काही अडलेलं असेच. चाकणला एका खोलीत पाच मुलं राहत होती, सगळी मराठवाड्यातली, सगळी वेगवेगळ्या कंपन्यांत. तीन शिफ्टमुळे पाचजण एका वेळी कधी घरात नसत. गाद्या दोनच. पण कुकर एक आणि डाळ सगळ्यांची. तिथवर मला जमलं. मग कोपऱ्यात बसलेला एकजण म्हणाला, "म्या न्हाई बगा त्यांच्यात. म्या माझं येगळं करून खातो." त्याच्याजवळ खरंच एक छोटी शेगडी आणि एक तवा होता. माझं बोट टॅबवर अधांतरी राहिलं. मी सरांना फोन केला. ते पलीकडच्याच गल्लीत होते, चालत आले. आधी त्यांनी त्या मुलाची शेगडी बघितली, मग त्याचं तोंड बघितलं, आणि विचारलं, "भांडण कधीचं?"

"आठ दिस झाले."

"कशावरून?"

"डाळीत हे लोक गूळ घालत्यात."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकच लिही. आठ दिवसांचं भांडण हे कुटुंब मोडल्याचं लक्षण नाही, कुटुंब असल्याचं आहे." तो मुलगा ओशाळून हसला. मी लिहिलं. पण मनात म्हटलं, हे नियमात कुठे आहे? आहे की सर जागच्या जागी करतात? मला ते अजूनही नीट सांगता येणार नाही.

मोशीचा प्रकार नेमका उलटा. शेतजमिनीवर इमारती उठल्यावर एका घराने तीन मजली बंगला बांधला होता, तीन भावांचे तीन मजले. थोरल्या जावेने आम्हाला दुसऱ्या मजल्यावर नेलं. गुळगुळीत ओटा, चकचकीत कपाटं. ती ठासून म्हणाली, "आमी येगळं निघालोय. दोन वर्सं झाली. माज्या माहेरी बी म्हाईत हाय." मी लगेच तीन कुटुंबं म्हणून सुरुवात केली. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?" त्या बाई जिन्याशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "अगं ए, खालनं दोन तांबे पाणी आण!" पाणी पिऊन ते जिना उतरून बंगल्याच्या मागे गेले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये धाकटी जाऊ पिठाचा डोंगर मळत बसली होती आणि घरातली झाडून सगळी माणसं तिथेच जेवत होती. वरच्या कपाटांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. सरांनी एक कुटुंब लिहायला लावलं. थोरलीचा चेहरा उतरला. "येवढं येगळं लिवा की, साहेब. माहेरच्यांनी इचारलं तर?"

"वहिनी, हे तुमच्या माहेरी जात नाही," सर म्हणाले. "हे दिल्लीला जातं. तिथे कुणी ओळखीचं आहे का?"

"न्हाई बया."

"मग झालं तर."

असे हे सर. दुसऱ्यांची घरं हाताच्या बोटांवर मोजून देणारे. स्वतःच्या घराबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. एवढंच माहीत होतं की बायको काही वर्षांपूर्वी गेली, आणि मुलगा ताथवड्याला नव्या संकुलात अकराव्या मजल्यावर राहतो. म्हणजे सरही तिथेच राहत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा डबा मात्र आम्हाला चक्रावून टाकायचा. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, तीही लिंबू पिळलेली. आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, चक्क शीरखुर्मा. कुणीतरी म्हणालं, "सर, सूनबाई हौशी दिसतात." सर घास खाली ठेवून म्हणाले, "स्वयंपाक सूनबाईंचा नाही." त्यापुढे काही विचारायची सोय त्या स्वरात नव्हती.

मग यादीत थेरगावची गल्ली आली. डांगे चौकापासून आत, दुकानांच्या मागची. घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी आपोआप निवडली जातात, त्यात कुणाचं काही चालत नाही. सर म्हणाले, "तिथे तू जा. मी येणार नाही. आणि त्या गल्लीचे फॉर्म मी तपासणारही नाही, दुसऱ्या पथकातल्या मॅडम तपासतील. माझ्या ओळखीची माणसं आहेत." मला यात काही वावगं वाटलं नाही. ओळखीच्या घरी असं अंग काढून घेणं हा त्यांच्या शिस्तीचाच भाग.

तिसरं घर होतं एका दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजच्या मागे. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या, आणि बाहेरून लोखंडी जिना चढून वर एक खोली. गॅरेजवाल्या रशीदचाचांनी हात पुसत पुसत मला आत पाठवलं. चाचींनी चहा टाकला. त्यांची मुलगी रुबीना कॉलेजला जायच्या गडबडीत होती. कुटुंबप्रमुख, त्यांची पत्नी, अविवाहित मुलगी. तीन. आणि मी सरांची चेली, माझी नजर मांडणीवर गेली.

"चाची, चौथं ताट कुणाचं?"

"ते भाईसाबचं. वर राहतात."

"भाडेकरू आहेत?"

चाचींना तो शब्द लागला. "भाडेकरू? बेटा, भाडेकरू येऊन सांगतो का, की डाळीत मीठ कमी आहे? आणि सांगितलं तर आपण ऐकून घेतो का?"

इतक्यात लोखंडी जिना वाजला. एकेक पायरी, मध्ये थांबून, गुडघे दुखणाऱ्या माणसाची. आणि दारात पातेले सर उभे राहिले. घरच्या पायजमा-सदऱ्यात, खिशाला दोन पेनं लावून.

मी कप खाली ठेवून उभी राहिले. सर मात्र शांतपणे येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आता मला सर म्हणायचं नाही. मी माहिती देणारा, तू विचारणारी. विचार."

काय विचारू? नियम मला पाठ होता, आणि तो सरांनीच पाठ करून घेतला होता. एखादा माणूस जेवतो एकीकडे आणि राहतो दुसरीकडे, असा पेच पडला तर राहण्याला जास्त वजन द्यायचं. वरच्या खोलीला वेगळा दरवाजा, वेगळं कुलूप. म्हणजे सर वेगळे, एकट्याचं कुटुंब. पण याच नियमाला एक अपवाद होता. घरात झोपायला जागा पुरत नाही एवढ्याच कारणाने कुणी दुसरीकडे झोपत असेल, तर तो माणूस घरातलाच धरायचा. म्हणजे सगळं येऊन ठेपलं एका प्रश्नावर.

"सर, तुम्ही वर का झोपता?"

सर्व्हेतल्या कुठल्याही प्रश्नावर सर अडलेले मी बघितले नव्हते. त्या दिवशी ते अडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाची चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवटी सर म्हणाले, "तुला काय वाटतं ते लिही." आणि उठून गॅरेजमध्ये गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तेव्हा ओळखलं नाही. आज सांगते, ती भीती होती. आपण या घरचे आहोत की नाही, हे कुणीतरी आता कायमचं लिहून टाकणार, याची.

आणि मी काय केलं, तर माझ्या स्वभावाला शोभेल असा घोळ घातला. मी त्यांना वेगळं लिहिलं. एकटा माणूस, स्वतंत्र कुटुंब. कारण नियमाचं दिलं, पण खरं कारण दुसरंच होतं. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना कुटुंबाला एकच असतो, आणि तो कुटुंबप्रमुखाचा लिहायचा असतो. सर चाचांच्या यादीत आले असते तर कागदावर त्या घरात विरघळले असते. मला वाटलं, सरांना हे आवडणार नाही. आपण त्यांची अब्रू राखली. केवढी मी शहाणी!

दोन दिवस मला चैन पडलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी सरांना म्हटलं, "सर, एक शंका आहे. समजा, एखादा माणूस आहे." सरही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "बरं, समजलं."

"तो खाली जेवतो आणि वर झोपतो."

"जागा कमी आहे म्हणून?"

"तेच कळत नाही. मी त्याला विचारलं, तो काहीच बोलला नाही."

"त्याला कशाला विचारलंस?" सर एकदम म्हणाले. "त्याला काय माहीत? खाली जागा आहे की नाही, हे घरातली माणसं सांगतात. आलेल्या माणसाने कसं सांगायचं?" मग जरा थांबून, "दुसरी काही अडचण होती का?"

मी धर्माच्या रकान्याचं चाचरत सांगितलं. सर म्हणाले, "त्याचं उत्तर तुला पाठ आहे ना? कुटुंबप्रमुखाचा लिहायचा. मग त्यात गोंधळायचं काय? अख्ख्या फॉर्ममधला सोप्यातला सोपा प्रश्न तो."

मी त्याच दुपारी परत थेरगावला गेले. चाचा ग्राहकाची गाडी चालू करून बघत होते, तो आवाज थांबेपर्यंत मी उभी राहिले आणि मग दोघांनाही विचारलं. सर वर का झोपतात? चाचा म्हणाले, "भाऊसाहेब या गल्लीत वीस वर्षं राहिले. भाभी गेल्या, मुलगा त्यांना ताथवड्याला घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, राव, त्याला नाव ठेवायची सोय नाही. पण चार-पाच महिन्यांनी हे गाडी दुरुस्त करायच्या निमित्ताने इथे आले आणि त्या बाकावर बसून राहिले. गाडीला काही झालेलं नव्हतं. मी प्लग काढला, पुसला, परत बसवला. जेवायची वेळ झाली, हिने ताट पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत आले."

"पण वर का?" मी चिकाटी सोडली नाही.

चाची रागावल्याच. "वर का म्हणजे? खाली जागा कुठे आहे? एका खोलीत आम्ही, एका खोलीत रुबीनाचं अंथरूण आणि पुस्तकं. जागा असती तर त्यांना त्या गुडघ्यांनी जिना चढू दिला असता का मी?"

मी सरांचं एकट्याचं कुटुंब पुसून टाकलं आणि चाचांच्या यादीत चौथं नाव घातलं. इतकं हलकं मला त्या कामात कधी वाटलं नव्हतं. पण पुढचाच रकाना नात्याचा. कुटुंबप्रमुखाशी नातं काय? पर्याय ठरलेले असतात. भाऊ, बहीण, मेहुणा, इतर नातेवाईक, हा एक. आणि नोकर, कामगार, इतर बिगरनातेवाईक, हा दुसरा. चाची माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "नोकर?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरी भाईसाबला नोकर लिहिणार तू?" मी समजावलं की नोकर म्हणजे नोकर नव्हे, पुढचा शब्द वाचा. "मला पुढचा शब्द नको," चाची म्हणाल्या. "भाऊ लिही." मी लिहिला. त्या बघत असताना माझी दुसरं काही करायची हिंमत झाली नाही.

हे सरांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले. आमच्या सगळ्या ओळखीत एकदाच. "खोटं लिहिलंस? फॉर्ममध्ये? माझ्याकडे शिकून?" टपरीवरची माणसं बघायला लागली. मी रडवेली झाले. म्हटलं, "सर, पण त्यात नोकर शब्द आहे."

"असू दे."

"चाचींना वाईट वाटलं."

सर आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. मी तिचा भाऊ असतो तर मला जेवायला घालणं तिला भागच होतं. कुठलीही बहीण घालते. मी तिचा कुणी नाही आणि तरी त्या यादीत आहे, हे दिसू दे की. भाऊ लिहिलंस तर तिने जे केलं तेच पुसलं जातं." त्यांचा चहा गार झाला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला. "दुरुस्त कर. आणि तिला सांगू नकोस. तिला भाऊच राहू दे."

मी दुरुस्त केलं. दुसऱ्या पथकातल्या मॅडमनी तो फॉर्म एका मिनिटात मंजूर केला. त्यांना त्यात विशेष काही दिसलं नाही, आणि दिसावं तरी काय? चार ओळी, चौथ्या ओळीत नात्याच्या पर्यायाचा एक आकडा.

ते काम संपलं, आमचं पथक पांगलं. मी भोसरीला एका कंपनीत हजेरी विभागात लागले. पण थेरगावला जाणं सुटलं नाही. मग एक दिवस सर त्या लोखंडी जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि मुलगा त्यांना ताथवड्याला घेऊन गेला. ते बरोबरच होतं. तिथे लिफ्ट होती, दिवसभराची मदतनीस होती, सरांची स्वतःची खोली होती. निघताना मुलगा चाचींच्या पाया पडायला वाकला आणि म्हणाला, "तुमचे फार उपकार झाले." तो मनापासून म्हणाला. पण चाचींचा चेहरा बघून मला वाटलं, भाडेकरू म्हटलं तेव्हाही त्यांना एवढं लागलं नव्हतं.

मी ताथवड्याला जाऊन आले. सर खिडकीशी बसले होते, खाली रांगेने इमारती. सून प्रेमळ होती. पण ती आणि मुलगा दोघंही ऑफिसच्या वेळांत अडकलेले, नातू शिकवणीत. जो तो आपल्या वेळेला आपलं मागवायचा, सरांना मदतनीस पथ्याचं करून द्यायची. सर हळूच म्हणाले, "गोंधळेताई, तू सांग. इथे किती कुटुंबं लिहिशील?" ते तक्रार करत नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

नंतर ते फोन करू लागले, आणि फोनवर एकच विषय. "तीन महिने झाले." "साडेचार झाले." मला आधी कळेना. मग लक्षात आलं. सहा महिने एका ठिकाणी सलग राहिलेला माणूस तिथला धरतात, हा नियम. सर स्वतःला नियम लावत होते. मी हसून म्हटलं, "सर, कुणी मोजायला येत नाहीये." ते म्हणाले, "मी येतोय ना."

सहा महिन्यांना आठ दिवस कमी असताना त्यांनी मुलाला सांगितलं, मला थेरगावला सोड. मुलगा अस्वस्थ झाला, चिडला, मलाही फोन केला. "ताई, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. लोकांना मी काय सांगू, बाप का राहत नाही माझ्याकडे?" त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच त्याला समजावणं सगळ्यात कठीण होतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. शेवटी त्यानेच सरांना गाडीत घातलं, मीही बरोबर गेले.

गल्लीत पोचलो तेव्हा चाचांनी रुबीनाच्या खोलीची पार उलथापालथ केलेली होती. रुबीना लग्न होऊन सोलापूरला गेली होती. तिची पुस्तकं वर गेली होती, गॅरेजचे जुने टायरही वर गेले होते, आणि खाली खिडकीपाशी एक पलंग मांडला होता. चाचींनी त्यावर धुतलेली चादर घातली होती. सर काठी टेकत आत आले, पलंगावर बसले, हाताने चादर चाचपली. सगळ्यांकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता अपवाद लावायला नको." चाचींना, चाचांना, मुलाला कुणालाच ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी डोळे पुसायला गॅरेजमध्ये पळाले.

त्या पलंगावर सर आणखी सव्वा वर्ष होते. मुलगा रविवारी येऊ लागला, आधी अर्धा तास, मग जेवूनच जाऊ लागला. एका सकाळी चाची चहा घेऊन गेल्या तेव्हा सर उठले नाहीत.

सगळं मुलानेच केलं, रीतीप्रमाणे. चाचा शेवटपर्यंत बरोबर होते. दोन दिवसांनी मृत्यूची नोंद करायला पालिकेच्या कार्यालयात गेलो, मुलगा, चाचा आणि मी. अर्जात पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मुलाने पेन थांबवलं. मग त्याने थेरगावचा पत्ता लिहिला. चाचा भिंतीपाशी मागे उभे होते, टोपी हातात घेऊन, जणू ते कुणाच्या तरी सोबतीला आले आहेत.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "घरी मृत्यू झालाय ना? मग माहिती कुटुंबप्रमुखाने द्यायची असते. कुटुंबप्रमुख कोण?"

मुलगा सवयीने एक पाऊल पुढे झाला. मी काही बोलणार नव्हते. हा प्रश्न मी शेकडो दारांत विचारला होता, पण त्याचं उत्तर देणं माझं काम कधीच नव्हतं. तो तसाच क्षणभर थांबला. मग बाजूला सरकला, मागे वळला, आणि चाचांना हाताला धरून खिडकीपाशी आणत म्हणाला, "हे आहेत."